उद्या अकराला पेपर

सातार्डेकरांनी काउंटरवर तीन पुस्तकं मांडली,
जसे कोणी तीन बांगडे मांडावेत
आणि म्हणावं, ताजा कुठला ते तूच बघ.
पंख्याखाली पानं आपोआप उलटत होती.
"उद्या पेपर, आनि आज इलंस?"

मी हात ओढणीत लपवले.
सकाळी काजू फोडायला बसलं की टरफलाचा चीक
नखांच्या कडेला जाऊन बसतो,
राख चोळली तरी निघत नाही, घाम आला की उतरतो,
आणि कोऱ्या पुस्तकावर काळं बोट उमटलं
की ते घ्यावंच लागतं.

पहिलं जाडजूड. त्यात सगळं,
म्हणजे सगळंच.
तह, आरमारं, कलमं, आणि कारणं तर प्रत्येकी आठ.
माझ्या रात्रीला एवढे तास नसतात.
त्यातला एक भाकऱ्यांचा, एक नळाच्या पाण्याचा.

दुसरं पातळ.
प्रत्येक युद्धाला एक चौकट,
चौकटीत पाच ओळी, पाचवी अर्धीच.
मुखपृष्ठावर एक मुलगी हसतेय.
तिचा पेपर झालेला दिसतोय.

तिसरं वापरलेलं, निम्म्या किमतीत.
कुणा प्राजक्ता आरोलकरचं, तुकडी ब.
पहिलं प्रकरण तिनं सगळंच्या सगळं पिवळं केलंय,
दुसरं निम्मं,
पाचव्यानंतर पान कोरं ते कोरंच.
समासात 'हे येणार'. खाली 'हे पण येणार'.
आणि एका कोपऱ्यात, बारीक,
'आई ओरडतेय'.

तेरा वर्षं मी दुपारी काजूगर निवडते.
हा अख्खा, ही पाकळी, हा तुकडा, हा डागी.
मुकादम माझ्या ताटाला पुन्हा हात लावत नाही.
पण इथं काय निवडू?
अख्खं घेतलं तर रात्र पुरणार नाही.
तुकड्यावर पस्तीस मिळतील का, कोण जाणे.
आणि अंगणवाडीच्या जागेला बारावी लागते,
नुसती मुलं सांभाळता येऊन भागत नाही.

मी तिन्हींत एकच गोष्ट शोधून पाहिली.
वसाहतवाद. डच.
जाड्यात अडीच ओळी.
पातळात एक गाळलेली जागा.
प्राजक्ताच्या पुस्तकात एकच ओळ, पिवळी,
आणि बाजूला पेन्सिलीनं
'आपल्या वखारीतले??'

वखार.
मी तिथून रोज कामाला जाते.
भिंतींतून झाडं आलीत, सावलीला शेळ्या बसतात.
अठराव्या वर्षी निकालाचा कागद
मी तिथंच दुमडत दुमडत चिंचोक्याएवढा केला होता
आणि दगडांच्या फटीत सारला होता.
त्या कागदावर इतिहासाखालीच लाल रेघ होती.
मला तेव्हा कोणी सांगितलं नाही
की ज्या भिंतीला टेकून रडतेस
ती प्रश्नपत्रिकेत आहे.

"घेतंस काय तां सांग. माका शटर ओढूचां आसा.
आनि ह्यां नको, जुनां. पोर्शन बदललो."

मी मान हलवली, पातळ उचललं, पैसे मोजले.
मग पाहिलं तर
त्या दोन प्रश्नचिन्हांवर माझा अंगठा,
काळा, रेघ न् रेघ स्पष्ट,
बँकेत आईचा उमटायचा तसा.

सातार्डेकर बघत होते. काही बोलले नाहीत.
मीही नाही. दोन्हींचे दिले.
रिक्षाचे उरले नाहीत, बंदराकडून चालत आले.
वखारीपाशी अंधारात एक शेळी शिंकली.

आता दीड वाजलाय.
पातळातल्या चौकटी मी पाठ केल्या,
पाचवी ओळ मनानं पुरी केली.
तन्वी वहीवर डोकं ठेवून झोपलीय,
ती माझे प्रश्न विचारत होती.
मग जुनं उघडलं, अंगठ्याच्या पानावर,
आणि प्राजक्ताला, ती जिथं असेल तिथं,
बॉलपेननं उत्तर लिहिलं:
'हो. त्यातलेच.'

याला मार्क नाहीत.
शीतयुद्ध अजून बाकी आहे
आणि चारला पाणी येईल.